जाळीतलं पाणी आणि वरचं कापड

कोकणातल्या पावसाळी रानात माणूस आभाळातून पडणाऱ्या पाण्याने कमी आणि पानांवर साचलेल्या पाण्याने जास्त भिजतो. पाऊस थांबून तास झालेला असतो, ऊनही पडलेलं असतं, आणि रानमोडीतून वीस पावलं चाललं की विजार मांडीपासून पोटरीपर्यंत चिंब. रानमोडी, घाणेरी, करवंद, घाटाकडे गेलं तर कारवी, ही सगळी झुडपं कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीची. त्यांच्या प्रत्येक पानावर चमचाभर पाणी थांबलेलं असतं आणि ते आपल्या मांडीवर, कोपरावर, छातीवर घासून रिकामं होतं. पावसाचा थेंब कापडावर पडून ओघळून जातो. घासून आलेलं पाणी दाबलं जातं, आणि हा दाबच कापडाची परीक्षा घेतो.

दुकानात टांगलेला बहुतेक रेनकोट स्कूटरवर बसलेल्या माणसाचा विचार करून शिवलेला असतो. तो माणूस घामेजत नाही, त्याला वारा लागतो आणि काटे लागत नाहीत. तोच कोट घालून काजूच्या बागेत बेणणीला (तण काढायला), रात्री कुर्ल्या (खेकडे) पकडायला किंवा पक्ष्यांच्या मागे सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, झुडपांच्या जाळीत शिरलं की पहिल्या अर्ध्या तासात आतून घामाने ओलं व्हायचं आणि दुसऱ्या अर्ध्या तासात बाही फाटायची, हे ठरलेलं.

पूर्वी अशा जाळीत शिरायचं म्हणजे बहुधा पारधीसाठी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने तो प्रकार बेकायदा ठरला. आता जाळीत शिरतात ते वनरक्षक, बागायतदार, रानभाज्या आणि अळंबी गोळा करणाऱ्या बाया, वनस्पतींचे आणि बेडकांचे अभ्यासक. पण ओल्या झाडीत घालायच्या कपड्यांबद्दल जगात जे लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं अजूनही युरोप-अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचंच आहे. ते लोक काट्यांबद्दल अगदी बरोबर बोलतात. हवामान मात्र त्यांचं, आणि गोंधळ तिथे होतो.

त्यांचं जुनं आवडतं कापड म्हणजे मेण आणि तेल मुरवलेलं जाड सुती कापड. काट्याला ते छान टक्कर देतं, घासलं तरी आवाज करत नाही, आणि फाटलं तर घरी थिगळ लावता येतं. आठ अंश तापमानात ते उत्तम. आपल्याकडे जुलैत पारा सत्तावीसच्या आसपास असतो. त्या उबेत मेण मऊ पडून हाताला चिकटतं, त्यावर काजूच्या पानांचा कचरा बसतो, आणि कपाटात ठेवलं की पंधरा दिवसांत बुरशी. हवा तर त्यातून जवळजवळ जातच नाही. दुसरं कापड व्हेंटाइल. लांब धाग्याच्या कापसाचं हे अतिघट्ट विणीचं कापड मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालं आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या पोशाखात गेलं. भिजल्यावर त्याचा धागा फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात. युक्ती सुंदर आहे, पण फुगलेला धागा वाळल्याशिवाय पूर्ववत होत नाही, आणि कोकणात जूनमध्ये भिजलेलं जाड सुती कापड वाळायचं कधी?

मग येतात ‘श्वास घेणारे’ पडदे, म्हणजे कापडाला आतून चिकटवलेले पातळ पापुद्रे. १९६९मध्ये बॉब गोरने टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडली आणि १९७६च्या सुमारास गोर-टेक्स बाजारात आलं. छिद्रं पाण्याच्या थेंबाला फार लहान, वाफेला पुरेशी मोठी. आज अशी कापडं वेगवेगळ्या नावांनी स्वस्तात मिळतात आणि लेबलवर दोन आकडे असतात, समजा १०,०००/१०,०००. दोन्ही वाचता यायला हवेत.

पहिला आकडा पाण्याच्या स्तंभाचा, मिलिमीटरमध्ये. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर पाण्याचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. कोसळणाऱ्या पावसाचा दाब याच्या आसपासही येत नाही. पण साठ किलोचा माणूस कुर्लीच्या बिळाशी एक गुडघा टेकतो तेव्हा निम्मं वजन गुडघ्याखालच्या तीसेक चौरस सेंटिमीटरवर येतं, आणि तोही दाब तेवढाच भरतो. म्हणून पाच हजारवाली विजार उभ्या पावसात कोरडी राहते आणि ओल्या मातीवर टेकताच गुडघ्यात गळते. पाठपिशवीच्या पट्ट्याखाली खांदा भिजतो तो याच कारणाने.

दुसरा आकडा वाफेचा: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते. कोट साधारण दीड चौरस मीटरचा धरला तर दहा हजारच्या हिशेबाने तासाला सव्वासहाशे ग्रॅम. चढ चढताना माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम येतो, म्हणजे कागदावर बऱ्यापैकी जमलं. फसवणूक पुढे आहे. एक तर हा आकडा काढायच्या पद्धती अनेक आहेत. त्याच कापडाला एका पद्धतीत चार हजार आणि दुसरीत दहा हजार मिळू शकतात, आणि लेबलवर मोठा आकडा छापला जातो. दुसरं, वाफ आपणहून बाहेर पडत नाही, आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातला फरक तिला ढकलतो. अंगाजवळ चौतीस अंशांची शंभर टक्के दमट हवा धरली तर तिचा बाष्पदाब ५३ हेक्टोपास्कल. आठ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या युरोपी शरदात बाहेरचा ९च्या खाली, म्हणजे फरक ४४. कोकणच्या जुलैत सत्तावीस अंश आणि ९० टक्के, बाहेरचा ३२. फरक उरला २१. तोच कोट, तोच माणूस, तोच चढ, आणि ढकलणारा जोर अर्ध्याहूनही कमी.

त्यात बाहेरचं कापड भिजून गेलं की उरलेला मार्गही बंद. अशा कोटांच्या वरच्या कापडावर पाणी झटकणारा एक लेप असतो, त्यामुळे थेंब गोळी होऊन घरंगळतात. जाळीत घासून हा लेप सगळ्यात आधी बाह्यांवरून आणि मांड्यांवरून जातो. मग वरचं कापड पाणी पितं, पडद्यावर पाण्याचा थर बसतो आणि वाफ अडते. लोक म्हणतात, कोट गळायला लागला. बहुतेक वेळा तो गळत नसतो, घामच आत थांबलेला असतो.

घाम सुकला नाही की नुसती चिकचिक होते असं नाही. एक ग्रॅम घाम सुकताना अंगातली साधारण अर्धा किलोकॅलरीहून थोडी जास्त उष्णता घेऊन जातो. तो सुकलाच नाही तर ती उष्णता अंगातच. रबरी किंवा प्लॅस्टिकचा बंद सूट घालून दोन तास गवत कापणाऱ्याला गरगरतं ते यामुळे, आणि पाऊस चालू असल्याने ‘ऊन लागलं’ हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे. किनाऱ्यालगतच्या सखल कोकणात, जाळीत चालायचं असेल तर पाणी अडवणारं कापड शोधू नये. काटा अडवणारं, वारा खेळू देणारं आणि लवकर निथळणारं शोधावं. इथलं पावसाचं पाणी चोवीस-पंचवीस अंशांचं असतं, त्याने चालत्या माणसाला हुडहुडी भरत नाही. आंबोली, चोर्ला किंवा कुठल्याही घाटमाथ्यावरचं गणित वेगळं. आंबोलीत पाऊस किनाऱ्याच्या दुपटीहून जास्त, वर भणाणता वारा, आणि रात्री बेडूक बघत तासन्‌तास उभं राहणं. तिथे पडद्याचा कोट कामाला येतो, पण तो पाठपिशवीत ठेवावा आणि थांबल्यावर अंगावर घ्यावा. घेताना काखेत लांब चेन असलेला घ्यावा. काखेतल्या त्या दोन फटी लेबलवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त वाफ बाहेर काढतात.

चालताना अंगावर काय? टेरिकॉटचा जाड ड्रिल. पासष्ट टक्के पॉलिएस्टर, पस्तीस टक्के सूत, तिरप्या विणीचा, चौरस मीटरला २०० ते २४० ग्रॅम वजनाचा. शाळेच्या गणवेशाचं कापड याहून पातळ असतं, ते नको. कारखान्यातल्या डगल्यांसाठी जे विकतात ते मागावं. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओल धरत नाही, सूत आठ टक्क्यांच्या वर धरतं. मिश्रणात सुताचा मऊपणा आणि पॉलिएस्टरचा निथळपणा दोन्ही मिळतं. जीन्स मात्र कधीही नको. बारा औंसांचं डेनिम चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या वर भरतं, भिजल्यावर गुडघ्याला बिलगून पाऊल आखडतं, जांघा सोलवटतात आणि तीन दिवस वाळत नाही. काट्यांसाठी नायलॉन सर्वांत चिवट, हे खरं. सत्तर डेनियर किंवा त्यावरचं नायलॉन घासण्याला टेरिकॉटपेक्षा सरस ठरतं, पण ते दर पानाला खरखर वाजतं. पक्षी बघणाऱ्याला ते परवडत नाही. वीस डेनियरचे हलके ट्रेकिंग कोट तर तोरणीच्या एकाच जाळीचे धनी. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, एवढं लक्षात ठेवलं की २० आणि ७०मधला फरक हातात न घेताही कळतो.

काटे दोन जातीचे असतात आणि कापडाने दोघांना वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं. करवंदीचा काटा सरळ आणि ताठ, तो भोसकतो. त्याला जाडी हवी. तोरण, चिल्हार, शिकेकाई, खाडीकडचा सागरगोटा यांचे काटे आकड्यांसारखे मागे वळलेले, ते धरतात. त्यांना गुळगुळीत, घट्ट वीण हवी, जिच्यात आकडा रुतत नाही. म्हणूनच टी-शर्टचं फासे घालून विणलेलं कापड, फ्लीस, जाळीदार जॅकेट हे सगळं बाद. फार सैल कपडाही नको, घोळ जितका जास्त तितके आकडे जास्त. आकड्यात अडकलं तर पुढे ओढू नये, अर्धं पाऊल मागे यावं. पुढे ओढणाऱ्याचं कापड फाटतं आणि फांदी सुटून मागच्याच्या तोंडावर बसते.

दुकानात कापड पारखायला उपकरण लागत नाही. कापड ओठांशी घट्ट धरून फुंकावं. थोडा जोर लावून हवा पलीकडे गेली पाहिजे. सहज गेली तर वीण विरळ, अजिबात गेली नाही तर मागे लेप आहे. उजेडासमोर धरून टिकल्या-टिकल्यांचा प्रकाश दिसतो का पाहावं. सेफ्टी पिनचं टोक कापडावर तिरपं ओढावं. धागा उचलला गेला तर तोरणीतही तेच होणार.

तयार कपड्यापेक्षा शिंप्याकडून शिवून घेणं मला केव्हाही पटतं. अठ्ठावन इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड वरच्या डगल्याला, पावणेदोन विजारीला पुरतं. कापायच्या आधी रात्रभर पाण्यात घालून वाळवावं, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या आखूड. शिंप्याला सांगायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा दमटपणात कुजतो आणि कापड धड असताना शिवण उसवते. शिवण दुमडून दुहेरी, इंचाला आठ-नऊ टाके. याहून दाट टाके घातले तर सुईच्या भोकांच्या रेषेवर कापड फाटतं. गुडघ्याला आणि कोपराला दुसरा थर, पण गुडघ्याच्या थराची खालची कड मोकळी ठेवायची. चारी बाजूंनी शिवलं की आत चिखल आणि पाणी अडकतं. काखेत दोन्हीकडे चार-चार पितळी आयलेट, म्हणजे कडी बसवलेली हवेची भोकं. लोखंडी आयलेट खाऱ्या हवेत एका पावसात गंजतात आणि कापडाला डाग देतात. खिशांच्या तळाला एक-एक भोक.

मनगटाला बटण असावं, इलॅस्टिक नको. ओलं इलॅस्टिक दिवसभर कातडी घासतं. वेल्क्रोत कुसळं भरतात आणि ते चिकटायचं थांबतं. चेन लावायचीच तर जाड दातांची प्लॅस्टिकची, धातूची नको. डगल्याची लांबी हा वादाचा विषय आहे. गुडघ्यापर्यंतचा डगला मांड्या झाकतो पण पावलागणिक अडकतो. कमरेपर्यंतचा सुटसुटीत, पण त्यावरून ओघळलेलं पाणी सरळ विजारीत. बैठकीच्या खाली चार बोटं आणि बाजूंना चिरा, ही तडजोड मला बरी वाटते. कमरेला आकडी बांधून कोयता अडकवणाऱ्याने त्या जागीही आतून दुसरा थर लावून घ्यावा. तिथे कापड हटकून आधी विरतं.

कमरेखाली मुख्य प्रश्न गमबुटाचा. विजार बुटात खोचली की पाणी विजारीवरून थेट बुटात उतरतं आणि तासाभरात प्रत्येक पाऊल पचपचतं. विजार बाहेरून सोडली की पाणी बाहेर, पण जळू आत. यावर उपाय म्हणजे जळवांचे मोजे: घट्ट विणीच्या सुती किंवा नायलॉन कापडाचे, शिवलेले, गुडघ्याखाली नाडीने आवळायचे. पायात हे मोजे, त्यावर बूट, आणि विजार सगळ्यांच्या बाहेरून. विणलेल्या साध्या मोज्यांमधून जळू तोंड घालते. तंबाखू-चुन्याचं पाणी लावण्याची पद्धत आहे आणि ते चालतं, पण धो धो पावसात अर्धा तास टिकतं. डीट हे रसायन असलेलं डासांचं मलम वापरत असाल तर ते पडद्याच्या कोटाला, इलॅस्टिकला, चष्म्याच्या प्लॅस्टिकला लागू देऊ नये. प्लॅस्टिकच्या कित्येक जाती ते विरघळवतं.

फुरसं हा कोकणातला रोजचा धोका, आणि ते बहुधा पावलाला नाहीतर हाताला चावतं. कुठलंही कापड सापापासून खात्रीचं संरक्षण देत नाही. गमबूट आणि त्यावर सैल लोंबणारी जाड विजार बऱ्यापैकी देतात, कारण दात कातडीपर्यंत पोचायला अंतर उरतं. हात मात्र उघडेच असतात, म्हणून जाळीत हात घालण्याआधी काठी घालावी. ओल्या झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. घरी आल्यावर अंगावरचं सगळं काढून थेट गरम पाण्यात टाकावं, आणि पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगावं. कातडीवर काळी खपली दिसली तर तीही दाखवावी.

खरी झीज रानात होत नाही, घरी होते. मीठ हा त्यातला न दिसणारा भाग. आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली ओल ओढून विरघळतं, आणि कोकणात पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. खाडीकाठच्या मारांडीच्या झुडपांतून फिरलेला किंवा नुसता घामाने भिजलेला कपडा न धुता दोरीवर टाकला तर तो आठ दिवसांनीही दमटच लागेल. दोन वेळा गोड्या पाण्यातून काढला की निम्म्या वेळात वाळतो. खळ किंवा कांजी अजिबात घालू नये, बुरशीला ती मेजवानी असते. पडद्याच्या कोटाला कपडे मऊ करणारं द्रव वर्ज्य, त्याने पाणी झटकणारा लेप मरतो. कोट वाळल्यावर वर पातळ फडकं टाकून मंद इस्त्री फिरवली तर तो लेप पुन्हा थोडा जागा होतो. अशा कोटाला भोक पडलं तर सुई लावू नये, प्रत्येक टाका हे नवं भोक. स्पिरिटने पुसून, कोपरे गोल कापलेलं चिकट थिगळ आतून लावावं.

स्वस्त कोटांच्या आत पॉलियुरेथेनचा लेप असतो. तो ओल आणि उष्णतेने हळूहळू विघटित होतो: आधी चिकट, मग खवले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून माळ्यावर टाकलेला कोट पुढच्या मृगाला उघडावा तर आतलं सगळं हाताला येतं. त्याला दोष पावसाचा नसतो, पिशवीचा असतो. ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत, पण सावलीत, चार दिवस हँगरवर वाळवून तसाच टांगून ठेवावा.

आणि इरलं? बांबूच्या कामट्या आणि पळस-कुंभ्याची पानं, आता प्लॅस्टिकचा कागद. पाठीवर पाऊस घेऊन खालून सगळा वारा खेळू देणारी याहून चांगली रचना लावणीच्या वाफ्यात दुसरी नाही. जाळीत ते दोन पावलंही चालत नाही, म्हणून ते बांधावरच राहिलं. घोंगडी घाटावर राखणीला बसणाऱ्याची. लोकर ओल पिऊनही ऊब देते, पण तिचं वजन घेऊन जाळीत कोण शिरणार? उघड्या सड्यावर साधी छत्री सगळ्यांपेक्षा सरस, वारा नसेल तेवढा वेळ.

रंग फिकट खाकी किंवा राखाडी घ्यावा, त्यावर चढणारी जळू आणि गोचीड दिसते. फार गडद हिरव्याचा सोस नको. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका गावोगाव आहेत, बिनपरवान्याच्याही आहेत, आणि तिन्हीसांजेला डुकरावर टपलेल्या माणसाला जाळीत नुसती हालचाल दिसते. डोक्यावरची टोपी गर्द केशरी असू द्यावी. पक्ष्यांना ती खटकेल, हालचाल आधीच त्यांना कळलेली असते.